रजेचा अर्ज कुणाकडे द्यायचा?



आम्ही बँकेतले कारकून. मार्चअखेर उरकली की रजेच्या अर्जांची रास पडते. कुणाचं बीपी, कुणाची पाठ. जर्मन समाजशास्त्रज्ञ योहानेस झीग्रिस्ट यांनी १९९६ साली मांडलं, की कष्ट जास्त आणि मोबदला, मान, नोकरीची शाश्वती कमी, असं वर्षानुवर्षं चाललं की हृदयालाही धोका पोचतो. आमचं दुखणं निदान मस्टरवर उमटतं.

निपाणीच्या विडी वळणाऱ्या आयाबहिणींचं काय? मजुरी हजार विड्यांवर. दिवसभर मान वाकलेली, तंबाखूची धूळ नाकात. वर तपासणीत विड्या खराब म्हणून बाजूला काढतात. ताप आला तरी गैरहजेरी लागत नाही, विड्या कमी भरतात, नाहीतर सूप मुलीच्या मांडीवर जातं. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा दिली होती. ती किती जणींच्या पदरात पडली, गल्लीत विचारून पाहा!

याच गावच्या तंबाखू कामगार बायका संघटित झाल्या, त्यांच्यावर १९८२ साली माहितीपट निघाला. मागणी मजुरीची होती, तशी मानाचीही.

मंडळाच्या आरोग्य तपासणीला त्यांना आधी बोलवा. त्यांचा दिवस बुडेल, तेवढी मजुरी वर्गणीतून आधी बाजूला काढू.