पेशीपटल आणि मीठसाखरेचे पाणी

पेशीपटलाची जाडी ५ ते १० नॅनोमीटर. साध्या सूक्ष्मदर्शकाला ते दिसत नाही, म्हणून त्याची रचना डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी तर्काने ओळखली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झुरिक येथे अर्नेस्ट ओव्हर्टन यांना असे आढळले की जे पदार्थ तेलात सहज विरघळतात, ते पेशीतही सहज शिरतात. पेशीची सीमा स्निग्ध द्रव्याची असावी, हे त्यावरून दिसून आले.

१९२५ साली लायडन येथे गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशी निवडल्या. या प्रौढ पेशींत केंद्रक नसते, आतली अन्य पटलेही नसतात. त्यामुळे मिळणारा मेद बाह्य पटलाचाच. तो वेगळा काढून पाण्यावर एका रेणूच्या जाडीचा थर होईल असा पसरला, तेव्हा त्याचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरले. अर्थात थर दुहेरी. मेद पूर्ण निघाला नव्हता आणि पेशींचे क्षेत्रफळही कमी धरले गेले होते, हे पुढे कळले. या दोन चुकांनी एकमेकींना खोडले आणि निष्कर्ष टिकला.

दुहेरी थर मुख्यतः फॉस्फोलिपिड रेणूंचा असतो. रेणूचे डोके पाण्याकडे ओढले जाते, दोन शेपट्या पाणी टाळतात. पाण्यात सोडले की हे रेणू शेपट्या आत आणि डोकी बाहेर अशी मांडणी आपोआप करतात. प्राणिपेशींत कोलेस्टेरॉल या थराची प्रवाहिता आटोक्यात ठेवते. दोन्ही थर सारखे नसतात. फॉस्फॅटिडिलसेरीन निरोगी पेशीत आतल्या थरातच ठेवले जाते. ते बाहेर दिसू लागले की भक्षक पेशी त्या मरणाऱ्या पेशीला गिळतात.

पाठ्यपुस्तकातील आकृतीत पटल स्थिर दिसते. याच समजावर बोट ठेवले पाहिजे. १९७० साली फ्राय आणि एडिडिन यांनी माणसाची व उंदराची पेशी एकत्र जुळवली. दोघींची पृष्ठभागावरील प्रथिने वेगवेगळ्या रंगांनी खुणावलेली होती. ३७ अंश सेल्सिअसला सुमारे ४० मिनिटांत ती एकमेकांत मिसळली. १९७२ साली सिंगर आणि निकोल्सन यांनी मांडलेले प्रतिरूप या हालचालीला धरूनच आहे: प्रवाही मेदाचा थर, आणि त्यात रुतलेली, सरकणारी प्रथिने.

ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मेदातून थेट पार होतात. आयनांना मात्र प्रथिनांतून वाट काढावी लागते. पाण्यासाठी ॲक्वापोरिन ही वेगळी वाट असते. ती पीटर ॲग्रे यांनी शोधली. पोटॅशियमची वाट तर विलक्षण आहे. सोडियमचा आयन आकाराने लहान असूनही तिथे अडतो. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ साली या प्रथिनाची रचना उलगडली, तेव्हा कारण कळले. वाटेच्या अरुंद भागातील ऑक्सिजन अणू नेमक्या अशा अंतरावर असतात की पोटॅशियमला भोवतीचे पाणी सोडल्याची पूर्ण भरपाई मिळते. लहान सोडियमपर्यंत ते पोचत नाहीत.

या सगळ्या वाटा उताराच्या. चढाच्या दिशेने नेण्यासाठी ऊर्जा लागते. खेकड्याच्या चेतातंतूंवर काम करताना येन्स स्कौ यांना १९५७ साली सोडियम-पोटॅशियम पंपाचा उलगडा झाला. एटीपीचा एक रेणू खर्चून तो तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडियम कमी राहते, आणि बाहेरचे सोडियम आत येताना ग्लुकोजलाही सोबत घेऊन येते. आतड्यातील ही जोड रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडली.

वैद्यकाच्या दृष्टीने याहून मोलाचे ज्ञान पेशीपटलाने क्वचितच दिले असेल. पटकीच्या जिवाणूचे विष असते, हे १९५९ साली कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी सशांच्या आतड्यावर दाखवून दिले. त्या विषामुळे आतड्याच्या पेशींतून क्लोराइड बाहेर वाहते आणि मागोमाग पाणीही. पण सोडियम व ग्लुकोजची जोडवाट शाबूत राहते. तिच्यातून दोन्ही आत गेली की पाणीही आत शोषले जाते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाइनचा साठा अपुरा पडला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज घातलेले पाणी रुग्णांना पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. अशा पाण्याच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात सोडियम आणि ग्लुकोज प्रत्येकी ७५ मिलिमोल प्रतिलिटर आहेत. साखर जास्त झाली तर ती उलट आतड्यात पाणी ओढते, म्हणून या मिश्रणाच्या पाकिटावरील प्रमाण तंतोतंत पाळावे लागते.

मोठे रेणू या वाटांनी जात नाहीत. त्यांच्यासाठी पटलच आत वळून पिशवी तयार करते. रक्तातील कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल पेशीत येते ते असेच. ते पटलावरील ग्राही प्रथिनाला आधी चिकटते. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी हे शोधून काढले. हे ग्राही प्रथिन जन्मतः सदोष असेल, तर एलडीएल रक्तातच साचते आणि हृदयविकार तरुणपणीच गाठतो.