हळद टिकते, भाव टिकत नाही

आज थोडे इंग्रजी शब्दांविषयी बोलू. शिक्षकबंधूंना ते वर्गात उपयोगी पडतील आणि घरी ऐकणाऱ्या मंडळींनाही परके वाटणार नाहीत. कारण ज्या वस्तूंना ते लागतात, त्या आपल्या अंगणातल्याच आहेत.

'सहज बदलणारे' याला इंग्रजीत 'चेंजेबल' म्हणतात. पण एवढ्यावर भागत नाही. बदलण्याच्या तऱ्हा अनेक. तळ्यात-मळ्यात करणाऱ्या माणसाला आपण लवचीक म्हणत नाही, आणि वेताच्या छडीला लहरी म्हणत नाही. इंग्रजीतही असाच विवेक आहे.

सेनगावकडची हळद घ्या. शिजवून, उन्हात वाळवून पोत्यात भरली की महिनोन्‌महिने राहते. मेथीची जुडी मात्र सकाळी उपटली की संध्याकाळी माना टाकते. मेथी, दूध, टोमॅटो हा 'पेरिशेबल', म्हणजे नाशवंत माल. वाळलेली हळद त्यात बसत नाही. पण तिचा भाव? तो वरखाली होत राहिला, तर 'फ्लक्च्युएट' होतो. या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधली लाट आहे. एकाएकी चढला आणि तसाच कोसळला, तर तो 'व्हॉलटाइल'. याचा मूळ अर्थ उडणारा. डबीतला कापूर उडून गेला असे आपण म्हणतो ना, तीच ही कल्पना. रसायनशास्त्रात पेट्रोललाही हाच शब्द लावतात. पाहा, पोते एकच. माल टिकाऊ आणि भाव उडता!

आता पाऊस. एका साली जास्त, एका साली कमी, म्हणून तो 'व्हेरिएबल'. बीजगणितातल्या 'चल'ला हेच नाव आहे. पेरणीच्या वेळी दडी मारायची आणि काढणीला कोसळायचे, असे त्याने केले तर तो 'एरॅटिक'. मूळ अर्थ भटकणारा. कयाधू नदी पावसाळ्यात भरते, उन्हाळ्यात आटते. तिचा बदल ऋतूच्या चालीने होतो, म्हणून ती 'सीझनल'.

माणसांविषयी लिहिताना अधिक जपावे. प्रसंग पाहून जुळवून घेणारा तो 'फ्लेक्सिबल'; ही स्तुती झाली. आज एकाचा, उद्या दुसऱ्याचा, तो 'फिकल'. ही निंदा झाली. घटकेत हसणारा, घटकेत रुसणारा तो 'मर्क्युरियल', पाऱ्यासारखा. आपल्याकडे 'पारा चढला' म्हणजे नुसता राग; इंग्रजी शब्दात मात्र चढणे आणि उतरणे दोन्ही आले. गुरुजींनी प्रगतिपुस्तकात 'फ्लेक्सिबल'च्या जागी 'फिकल' लिहिले, तर गुणी मुलाच्या नावावर वर्षभर दोष राहील.

अर्ज लिहितानाही हेच. शेतकऱ्याच्या मुलीने शिष्यवृत्तीच्या अर्जात वडिलांचे उत्पन्न 'टेम्पररी' आहे असे लिहिले, तर वाचणारा समजेल, ते लवकरच बंद होणार. शेतीचे उत्पन्न दरसाल येते, पण सारखे येत नाही. तिथे 'व्हेरिएबल' हवे. एका शब्दाने घरची खरी स्थिती कागदावर उतरते, एका शब्दाने ती झाकली जाते.

आणखी एक भेद सांगतो. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. पुढे १ मे १९९९ रोजी परभणीपासून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि सेनगाव त्यात आले. कारभार इतक्यांदा बदलला, म्हणून सेनगावला 'चेंजेबल' म्हणावे काय? नाही. जे बदलून गेले ते 'चेंज्ड'; ज्याचा स्वभावच बदलण्याचा, ते 'चेंजेबल'. आणि हे बदल काही सहज झाले नाहीत; त्यांमागे लोकांचे कष्ट आहेत.

तेव्हा शिक्षकबंधूंनो, या शब्दांची यादी पाठ करून घेऊ नका. फळ्यावर हळद, मेथी, कापूर, पाऊस, नदी अशी नावे लिहा आणि मुलांना तीन प्रश्न विचारा : यात नेमके काय बदलते? किती वेगाने? आणि पूर्ववत होते काय? उत्तरे मराठीतच येऊ द्या. ती नीट आली, की इंग्रजी शब्द शोधायला मुलांना फार वेळ लागणार नाही.