गळ्यांतील गांठ आणि तिची भ्रमंती



आमच्या धावड्याकडे कोणाच्या मानेला गांठ दिसली कीं लोक ‘गंडमाळ’ म्हणून मोकळे होतात. दुखत नाहीं, मग घाई कसली, असें म्हणतां म्हणतां वर्ष निघून जातें. अशा बहुतेक गांठी निरुपद्रवी असतात, हें आरंभींच सांगतों. पण थोड्या कर्करोगाच्या निघतात व त्यांची चाल समजून घेण्याजोगी आहे.

कंठमण्याच्या खालीं श्वासनलिकेला बिलगून फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथि असते. अन्नांतील आयोडीन वेंचून ती आपला रस बनविते. तिच्या कर्करोगाचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार म्हणजे पॅपिलरी. त्याच्या पेशी लसिकावाहिन्यांच्या वाटेनें प्रथम मानेंतील गांठींत उतरतात; म्हणजे जिला आपण गंडमाळ समजतों, ती कधीं कधीं ह्या ग्रंथींतून आलेली असते. दुसरा प्रकार फॉलिक्युलर. तो रक्तावाटे फुप्फुसें व हाडें गांठतो. एखाद्याचें हाड क्षुल्लक धक्क्यानें मोडावें आणि तेव्हां कुठें गळ्यांतील रोग उघडकीस यावा, असेंही घडतें. मेड्युलरी प्रकार कांहीं घराण्यांत वंशपरंपरेनें येतो. उतारवयांतील ॲनाप्लास्टिक सुदैवानें दुर्मिळ. तो थोड्याच आठवड्यांत श्वासनलिका आवळतो.

नवल असें कीं, पहिल्या दोन प्रकारांच्या पेशी परक्या ठिकाणीं गेल्या तरी बहुधा घरची संवय विसरत नाहींत. माझे विद्यार्थी मुंबईस गेले. वीस वर्षांनीं भेटले तरी दोन वाक्यांत मराठवाडी बोली डोकावतेच! १९४३ सालीं न्यूयॉर्क येथें डॉ. सॅम्युएल सायडलिन यांनीं एका रोग्यावर उपचार केले. त्याची ग्रंथि पूर्वींच काढलेली, तरी शरीरांत तिचा रस अतोनात! दूर पसरलेल्या गांठीच तो बनवीत होत्या. त्यास किरणोत्सर्गी आयोडीन दिलें. तें त्या गांठींनीं स्वतःच शोषून घेतलें आणि रोग्यास उतार पडला. परळ येथें १९६३ सालीं स्थापन झालेल्या, अणुऊर्जा खात्याच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरानें हाच उपचार आपल्याकडे रुजविला. मात्र ज्या पेशींची आयोडीनची संवय सुटली, त्यांच्यापुढें हें औषध लंगडें पडतें.

गांठ कठीण असेल, वाढत असेल, आवाज घोगरा होऊं लागला असेल, तर सोनोग्राफी करून सुईनें पेशी तपासून घ्याव्यात. सुई टोंचल्यानें रोग पसरतो, ही आमच्या पारावरची समजूत आहे. तसें होणें अत्यंत विरळा. उशीर मात्र रोज घडतो.