मूर्तीची ओळख आणि विज्ञानाची साक्ष
(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेले व्याख्यान)



मूर्ती चोरीस गेली आणि पुढे सापडली, तरी ती अमक्याच देवळाची हे सिद्ध कसे करावयाचे? या प्रश्नाचे उत्तर लंडनच्या न्यायालयात एकदा मिळाले आहे.

तामिळनाडूत, त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यात, पत्तूर गावी १९७६ साली पडक्या शिवमंदिराजवळ खणताना एका मजुराला पुरलेल्या धातूच्या मूर्ती सापडल्या. त्यांतील नटराज दलालांच्या हातून परदेशी गेला. १९८२ साली तो एका कॅनेडियन कंपनीने विकत घेतला. पुढे दुरुस्तीसाठी ब्रिटिश म्युझियमकडे दिला असता लंडनच्या पोलिसांनी तो जप्त केला.

परंतु हा तोच नटराज कशावरून? सुदैवाने त्याच जागी निघालेल्या इतर मूर्ती तुलनेस उपलब्ध होत्या. शिल्पज्ञांनी घडण ताडून पाहिली. पण घडणीविषयी मतभेद होऊ शकतात. लाकूड-कोळशाचे वय कार्बनवरून काढतात, तसे धातूचे काढता येत नाही. क्ष-किरणांनी तांबे, कथील, शिसे यांचे प्रमाण कळते. ते जुळले तर मूर्ती एका कुळातील असण्याचा संभव वाढतो, एवढेच. म्हणून धातूच्या जोडीला मूर्तीस चिकटलेली माती आणि वाळवीच्या खुणा यांवरही तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. साऱ्या पुराव्यांचा एकत्र विचार करून न्यायालयाने १९८८ साली नटराज पत्तूरचाच ठरविला. १९९१ साली अपिलातही तोच निर्णय कायम झाला. शतकानुशतके पडीक असलेल्या देवळाचा आपल्या देवावरील हक्क परक्या देशात मान्य झाला आणि त्याच वर्षी नटराज भारतात परतला.

यातून घ्यावयाचा बोध असा की, विज्ञानाला ताडून पाहण्यास काहीतरी हाती लागते. जीर्णोद्धारात पाया खणताना जुनी मूर्ती निघाल्यास ती चिंच-राखेने घासून लख्ख करू नये. माती तशीच ठेवून जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे. देवळातील प्रत्येक जुन्या मूर्तीची चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. उंची, वजन, भंगलेल्या खुणा वहीत नोंदवाव्यात आणि वहीची एक प्रत गावाबाहेर सुरक्षित ठेवावी.

कळसाला लागणाऱ्या खर्चापुढे या वहीचा खर्च नगण्य आहे. पण उद्या देव हरवला, तर त्याला घरी आणणारी वाट या वहीतूनच निघेल.