माध्यम कोणते?

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



प्रवेशाच्या दिवसांत माझ्या कार्यालयात एकच प्रश्न ऐकू येतो : माध्यम कोणते? हाच प्रश्न मी लखनौच्या चौक भागात निराळ्या अर्थाने ऐकला.

धाकट्या भावाच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही तेथील एका रुग्णालयात होतो. चिकनकारीची आणि अत्तरांची दुकाने, थंडीतली मक्खन-मलाई, आणि त्याच परिसरात १९११ साली सुरू झालेले किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय, आजचे विद्यापीठ. सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी आपली एक माजी विद्यार्थिनी भेटायला आली. उपकरणे निर्जंतुक झाली हे कळते कसे, असे मी धास्तीने विचारले. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच. त्यात १२१ अंश सेल्सिअसला उपकरणांबरोबर जिवाणूंच्या बीजाणूंची कुपी ठेवतात आणि नंतर ती उबवतात. जांभळा द्रव पिवळा झाला, तर बीजाणू जगले. उपकरणे परत पाठवायची.

"पण बाई, ते बीजाणू कोणत्या माध्यमात वाढवले, यावर सगळे आहे."

अन्न मुबलक असेतो जिवाणू नुसते वाढत राहतात. ते सरू लागले की बीजाणू घडवतात. म्हणून माध्यम असे आखावे लागते की आधी भरघोस वाढ व्हावी, मग कर्ब वा नत्र वेळेवर संपावे. मँगनीज आणि कॅल्शियम मात्र कमी पडू नये. मँगनीज अत्यल्प लागते, पण त्यावाचून बीजाणू नीट तयार होत नाहीत. कॅल्शियम गाभ्यात डिपिकोलिनिक आम्लाशी बांधले जाते, तेथील पाणी घटते आणि उष्णता सोसण्याचे बळ येते. १८७६ साली रॉबर्ट कॉख यांनी काळपुळीच्या जिवाणूंना बीजाणू धरताना पाहिले, ते गुराच्या डोळ्यातील द्रवाच्या थेंबात. आज हीच कृती मिलिग्रॅममध्ये मोजून लिहितात. (उपासमारीने मुले घडतात, असा अर्थ कृपया कोणी काढू नये.)

माध्यम चुकले तर बीजाणू लेचेपेचे निपजतात. अर्धवट तापलेल्या ऑटोक्लेव्हमध्येही ते मरतात, कुपी जांभळीच राहते आणि अशुद्ध कात्री टेबलावर जाते. मी मराठीची शिक्षिका, तरी हे मला तत्काळ उमगले. सोप्या प्रश्नपत्रिकेवर लागलेला शंभर टक्के निकाल मी पाहिला आहे.

दुसऱ्या दिवशी भावाला आत नेताना मी परिचारिकेला विचारले, काल ठेवलेल्या कुपीचा रंग कोणता? ती हसली नाही. नोंदवही उघडून तिने ओळीवर बोट ठेवले : जांभळा.