जीसीएस किती?

अपघात विभागात डॉक्टर नर्सला विचारतात, "जीसीएस किती?" उत्तर येतं, "नऊ." शेजारी उभ्या नातेवाइकांना काहीच कळत नाही. जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, पेशंटची शुद्ध मोजायची पद्धत. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या डॉक्टरांनी ती १९७४ साली मांडली. त्याआधी 'गुंगीत', 'अर्धवट शुद्धीत' असं जो तो आपापल्या परीने लिहायचा. ड्यूटी बदलली की नव्या डॉक्टरने अर्थ लावत बसायचं!

जीसीएसमध्ये डोळे, बोलणं आणि हालचाल यांना गुण देतात. पेशंटचे डोळे आपणहून उघडे असले तर ४ गुण, हाकेने उघडले तर ३, बोटाचं नख दाबल्यावर उघडले तर २, मुळीच नाही तर १. बोलण्याला जास्तीत जास्त ५, हालचालीला ६. पेशंट बोलतोय, पण आपण कुठं आहोत हे भलतंच सांगतोय, तर पाचातला एक गेला. एकूण १५ म्हणजे पूर्ण शुद्ध. ८ किंवा कमी म्हणजे श्वासाचा मार्ग सांभाळायची घाई. शून्य मात्र कुणालाच मिळत नाही, किमान ३.

नुसत्या एका आकड्यावर डॉक्टर विसंबत नाहीत. मघाच्या १३ चे आता १० झाले, तर सगळे धावतात. म्हणून रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन केलात, की पत्ता आणि श्वास चालू आहे का हे आधी सांगा. मग हाकेला डोळे उघडतो का, नीट बोलतो का, सांगितल्यावर हात हलवतो का, आणि मघापेक्षा काही बदललंय का, तेही सांगा.