ओवी आपल्याच घरची

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



साहित्यावर बोलावयाचे म्हणजे यवतमाळहून कोणी प्राध्यापिका बोलवावी, अशी आपली रीत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी हा विषय मी मागून घेतला, कारण मंडळात कोणी कविता वाचू लागले की निम्म्या जणी पदर सावरून म्हणतात, “आमाले काय समजते त्यातलं, माय!” मला हे बोलणे पटत नाही. समजते सगळे, नावे तेवढी ठाऊक नसतात. ज्या बाईला चाळीस प्रकारचे डाळ-तांदूळ, मसाले अंधारात हाताने ओळखू येतात, तिला उपमा आणि रूपक यांतला फरक कळू नये, असे त्यात काय अवघड आहे?

पहिले नाव ओवीचे घेते. ओवी म्हटली की आपल्याला ज्ञानेश्वर महाराज आठवतात, आणि ते बरोबरच आहे. ज्ञानेश्वरी झाली 1290 साली, आणि तिच्यात नऊ हजारांच्या आसपास ओव्या आहेत. पण ओवी त्यांच्याही आधीची. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात त्याने नोंद करून ठेवली आहे की, महाराष्ट्रातल्या बाया धान्य कांडताना ओवी गातात. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या दीडशे वर्षे आधी ओवी होती, ती उखळाजवळ होती, आणि ती बायांच्या तोंडी होती. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले. ज्या शब्दाला आपण पंडितांचा शब्द समजून लांब उभ्या राहतो, तो आपल्याच ओसरीवरून त्यांच्याकडे गेला आहे!

ग्रंथातली ओवी आणि जात्यावरची ओवी यांत फरक आहे. ग्रंथातल्या ओवीचे चार चरण. चरण म्हणजे कवितेच्या ओळीचा एक तुकडा. पहिल्या तीन चरणांच्या शेवटी सारखा आवाज येतो, त्याला यमक म्हणतात. चौथा चरण आखूड असतो आणि यमकातून सुटा. जात्यावरची ओवी बहुधा दोनच ओळींची. तिला अक्षरांचे माप नसते, हाताचे असते. जात्याचा फेरा पुरा होईतो ओळ पुरली पाहिजे. कमी पडली तर मध्ये “बाई” घालावे, “गं” लांबवावा, अर्धी ओळ पुन्हा घ्यावी. शहाण्या माणसांना हे “बाई” आणि “गं” भरतीचे वाटतात. ज्यांनी दळले आहे त्यांना विचारा. दम घ्यावयाची जागा ती.

ओवीच्या पोटातूनच अभंग निघाला, असे जाणकार मानतात. आपण दर एकादशीला भजनात अभंग म्हणतो, पण त्याचे माप कधी मोजले आहे का? मोठ्या अभंगात चार चरण: पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरे, शेवटच्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक जुळते. संतांची ओळ मोजायला घेण्याचे मला धारिष्ट नाही, म्हणून घरचीच जुळवून आणली आहे. हसू नका.

कापूस वेचून । आल्या साऱ्या जणी ।
हंडाभर पाणी । तापायचे ॥

बोटांवर मोजा. का-पू-स-वे-चू-न, सहा. आल्या साऱ्या जणी, सहा. हंडाभर पाणी, सहा. तापायचे, चार. जोडाक्षर एकच धरावयाचे. “जणी” आणि “पाणी” हे यमक. ही काही कविता नव्हे, नुसते माप आहे. रिकाम्या पायलीत धान्य ओतावे लागते, आणि ते तुकाराम महाराजांकडे होते, माझ्याकडे नाही. दुसरा धाकटा अभंग असतो, आठ-आठ अक्षरांच्या दोन चरणांचा. तो घरी करून पाहावा.

श्लोक आणि आर्या यांच्याविषयी थोडक्यात सांगते. वामन पंडितांचे श्लोक आणि मोरोपंतांची आर्या असे म्हणावयाचा प्रघात आहे. श्लोकात लहान-मोठ्या अक्षरांचा क्रम ठरलेला. त्यासाठी तीन-तीन अक्षरांचे गण पाडतात. आर्येत मात्रा मोजतात, ऱ्हस्वाची एक, दीर्घाच्या दोन. हे काम सोनाराच्या काट्याचे आहे. आपले काम शेराच्या मापाने भागते.

आता अलंकार. शाळेत पोरे याच्या व्याख्या पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात, कारण त्यांना कोणी सांगत नाही की तुझी आजी हेच दिवसभर बोलत असते. “पोळी कापसासारखी मऊ झाली,” ही उपमा. पोळी ते उपमेय, म्हणजे जिच्याविषयी बोलतो ती. कापूस ते उपमान, ज्याची तुलना दिली ते. मऊपणा दोघांत सारखा. आणि “सारखी” हा शब्द दोघांना जोडणारा. चारही गोष्टी हजर. वावरात पऱ्हाटी फुटलेली पाहून कोणी म्हणाली, “जणू दूधच सांडलं,” तर ती उत्प्रेक्षा. दूध नाही हे ठाऊक आहे, पण क्षणभर तसे वाटले. आणि दिवाळीत पाहुण्यांची रीघ लागल्यावर आपण कपाळाला हात लावून म्हणतो, “माझं घर म्हणजे धर्मशाळा,” तेव्हा सारखे नाही, जणूही नाही, दोन्ही एकच करून टाकले. ते रूपक. आपल्याकडचे मे महिन्याचे ऊन तर आणखी एक अलंकार शिकवते. “हे ऊन नव्हे माय, आग आहे!” खरी गोष्ट नाकारावयाची आणि तिच्या जागी दुसरी आणून बसवावयाची, याला अपन्हुती म्हणतात. नाव जड आहे, पण बाभुळगावात मे महिन्यात हा अलंकार न वापरणारी बाई मला दाखवा.

सासूबाई सकाळी आठ वाजता म्हणतात, “आज फार लवकर उठलीस हो!” वरून स्तुती, आतून टोला. याचे नाव व्याजस्तुती. ज्यांना हा अलंकार रोज ऐकावा लागला त्यांनी निदान त्याचे नाव शिकावे, तेवढाच सूड. (पुढल्या रांगेतल्या सासूबाईंनी राग मानू नये.) श्लेष म्हणजे एका शब्दात दोन अर्थ. “पोरं रोज वात आणतात, समईसाठी बाजारातून आणायची गरज नाही,” असे आमच्या आळीत एक जण नेहमी म्हणते. तिने व्याकरण शिकलेले नाही.

मुक्तछंदाविषयी एकच सांगते. त्यात यमक नसते, माप नसते, म्हणून ते सोपे, असे आपण समजतो. पीठ न मोजता केलेली भाकर ज्या हाताला साधते, तो हात वर्षानुवर्षांचा असतो.

या साऱ्या नावांत मला सर्वांत जवळचे नाव धवळे हे वाटते, आणि तेच आपण विसरलो आहोत. लग्नात वर-वधूविषयी बायांनी म्हणावयाची गाणी म्हणजे धवळे. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे, महानुभावांचे मोठे स्थान. तिथे तेराव्या शतकात महदाइसा नावाची बाई होती, चक्रधर स्वामींची शिष्या. गोविंदप्रभूंच्या लग्नाचा खेळ मांडला गेला, तेव्हा तिने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचून म्हटले. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव घेतात. आणि रुक्मिणी तरी कोण? वर्धेच्या काठच्या कौंडण्यपूरची लेक, म्हणजे आपल्या वऱ्हाडाचीच माहेरवाशीण. मराठीची पहिली कवयित्री लग्नाचे गाणे म्हणणारी बाई होती, ही गोष्ट मला मोठमोठ्या ग्रंथांपेक्षा धीर देते.

2019 साली यवतमाळला अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होत्या अरुणा ढेरे, आणि उद्‌घाटन केले आपल्या जिल्ह्यातल्याच एका शेतकरी विधवेने. त्या वेळी साऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण आपल्या आळीतल्या म्हाताऱ्यांच्या ओठांवर काय आहे, हे विचारावयाला मात्र कोणी बसले नाही.

त्याचे काय होते, ते आमच्या शेजारी पाहिले. शेजारच्या आजी गेल्या उन्हाळ्यात वारल्या. वय नव्वदीकडे झुकलेले. त्यांच्या नातीने हौसेने एका वहीत त्यांची गाणी उतरवून घेतली होती. दिवसकार्य झाल्यावर ती वही घेऊन ती माझ्याकडे आली. चाळीसेक गाणी, वर मथळा एकच: “आजीची गाणी”. कोणते जात्यावरचे, कोणते हळदीचे, कोणता पाळणा, कोणते भुलाबाईचे, काही कळेना. चार-पाच मला ओळखता आली, दोन आमच्या सासूबाईंनी ओळखली. बाकीची कोणत्या वेळी, कोणत्या चालीवर, हात कशात गुंतलेला असताना म्हणावयाची, हे सांगणारे माणूस आता नाही. शब्द उरले आणि गाणे गेले. डब्यांवर चिठ्ठ्या नसलेल्या पुडीतल्या पांढऱ्या भुकटीसारखे झाले. सोडा आहे की तुरटी, चाखून पाहावयाची सोय नाही. ती पोर वही छातीशी धरून रडली. मी तिला काय सांगणार?

म्हणून मला ही नावे हवी आहेत. विद्वत्ता मिरवावयाला नव्हे, डब्यावर चिठ्ठी लावावयाला.

जळगावच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्या 1951 साली वारल्या आणि 1952 साली त्यांची गाणी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह छापली गेली, ती त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका नातलगाने वेळीच टिपून ठेवली होती म्हणून. जे टिपले गेले नाही ते त्यांच्याबरोबर गेले. पुणे भागात हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ या दोघांनी गावोगाव हिंडून बायांच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्यांनी ओवी कोणी म्हटली, कोणत्या गावी, कशाविषयी, हे सारे लिहून ठेवले. आपल्याला लाखाचे काम नको. आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी सत्तरीच्या पुढच्या नऊ जणी आहेत, मी मोजल्या आहेत.

पुढल्या बुधवारी दुपारी तीन वाजता त्या नऊ जणींना आमच्या ओसरीवर घेऊन यावे. लिहिणाऱ्या मुलींनी वह्या आणाव्यात. प्रत्येक गाण्याच्या वर त्याचे नाव, म्हणावयाची वेळ आणि म्हणणारीचे माहेर, एवढे आधी लिहावे, मग शब्द. ज्यांच्या मोबाईलवर आवाज धरून ठेवता येतो त्यांनी तेही करावे, म्हणजे चाल हरवणार नाही. आजींना नुसते बसवून “म्हणा” म्हटले तर ओवी येत नाही, हे मी सासूबाईंवर करून पाहिले आहे. हात फिरला की येते. म्हणून माळ्यावरचे जाते खाली काढून धुऊन ठेवले आहे. खुंटा सैल झाला आहे, तेवढा सुताराकडून मंगळवारपर्यंत बसवून घेते. जवारी ज्याने त्याने थोडीथोडी आणावी.